उघड्या भिंतीचं बाथरूम

आमचे आजोबा, अर्वो निस्काला, कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघतात, मग माणसाकडे. लग्न असो, बारसं असो, मयत असो. एकदा मयतानंतरच्या कॉफीला चर्चच्या तळघरात उभे असताना त्यांनी पाद्रीबाईंना बाजूला घेतलं. बाईंना वाटलं, म्हातारा आता मनातलं दुःख सांगणार. आजोबा म्हणाले, "त्या सिंकजवळचा प्लग जुना आहे. पाणी लागलं तर वीज तोडणारा नाही. पुढच्या मयताच्या आत बदलून घ्या." बाईंनी आठवड्यात बदलून घेतला. पुढचं मयत कोणाचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आजोबांची नक्कल करणं अगदी सोपं आहे, दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडायचा नाही, आत ओढायचा, तोंडात गरम बटाटा आल्यासारखा. फिनलंडहून आलेल्यांच्या घरातले आमच्या गावचे सगळे म्हातारे असाच हो म्हणतात. दुसरं, कोणी काहीही विचारलं तरी आधी मागच्या खिशावर हात मारून टेस्टर जागेवर आहे का ते बघायचं. "अर्वो, कॉफी?" खिशावर हात, मग आत ओढलेला हो. आजीने लग्नाचं विचारलं तेव्हाही आधी खिशावरच हात गेला होता, असं आजी सांगते. हो, आजीनेच विचारलं. "याच्या विचारण्याची वाट बघत बसले असते तर अजून कुमारीच राहिले असते," हेही तीच सांगते.

आजोबा एकोणिसाव्या वर्षी लोखंडाच्या खाणीत वायरमन म्हणून लागले. खाणीने निम्मी माणसं घरी पाठवली तेव्हा त्यांनी स्वतःचं लायसन्स काढलं आणि घराघरांतलं वायरिंग करायला सुरुवात केली. मिनेसोटाच्या या वरच्या कोपऱ्यात आमचं गाव, आणि गावातली निम्मी घरं त्यांच्या हाताखालून गेलेली. आजी, लेम्पी, शाळेच्या स्वयंपाकघरात होती, तीस वर्षं तिने गावच्या पोरांना बटाटे वाढले. तिचा आवाज मोठ्या डावाने पातेलं वाजवल्यासारखा. "अर्वो, तू भिंतीशीच लग्न करायला हवं होतंस," ती म्हणायची. "तिच्या पोटात काय चाललंय ते तुला बरोबर कळतं."

रूडी प्रेबिचची गोष्ट तर गावात सगळ्यांना पाठ आहे. रूडी तरुणपणी चार वर्षं आजोबांच्या हाताखाली शिकला. एका घरात काम संपलं, तपासनीस यायला दोन दिवस होते, आणि घरमालकिणीला घाई. रूडीने मालकिणीच्या आग्रहाला बळी पडून भिंतीच्या उघड्या लाकडी सांगाड्यावर, आतल्या तारांवरून, तक्ते ठोकून टाकले. बाईंनी वर फुलांचा कागदही चिकटवला. आजोबा आले, त्यांनी फुलं पाहिली आणि रूडीच्या हातात हातोडा दिला. बाई रडल्या, रूडीही रडला म्हणतात. आजोबा एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय भिंत बंद करायची नाही. आपलं काम आपणच पास करणारा माणूस एक दिवस कोणाला तरी जाळतो." तोच रूडी आता काउंटीचा वीज तपासनीस आहे. पोट सुटलंय, आवाज गाणाऱ्यासारखा, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. "बघू या, बघू या." आजोबांना अजून उस्ताद म्हणतो.

सत्तराव्या वर्षी आजोबांनी लायसन्स सोडलं. त्याच सुमारास आजीची बहीण हिल्या नर्सिंग होममध्ये गेली, आणि वर्षा-दोन वर्षांत तिचं घर त्या बिलात गेलं. मग चर्चच्या तळघरात कॉफीच्या कपांभोवती जो तो एकच सल्ला देऊ लागला: घर आत्ताच पोरांच्या नावावर करा, म्हणजे ते बिलात जाणार नाही. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांनी केलं, आजी-आजोबांनीही केलं. माझी आई दोन रस्ते पलीकडे राहते, दर रविवारी जाते, छपरावरचा बर्फ तीच काढते. पण तिचा घटस्फोट झालेला, उद्या कोण येऊन काय मागेल सांगता येत नाही, म्हणून घर मामाच्या नावावर झालं. डेलमामा मिनीॲपोलिसला विमा कंपनीत आहे. "कागदावरच तर आहे," आजी आईला म्हणाली. आईने बशीत पुल्ल्याचा तुकडा घेतला आणि चावत राहिली. गोड ब्रेड इतका वेळ चावायला लागत नाही.

यंदा एप्रिलमध्ये आजीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला. डावा हात आणि पाय गेल्यातच जमा, बोलणं एकेका शब्दावर आलं. दवाखान्यातून तिला गावातल्याच सेंटरमध्ये व्यायामासाठी ठेवलं. तिथल्या बाईंनी आजोबांना समोर बसवून सांगितलं, "तुमचं बाथरूम वरच्या मजल्यावर. त्या तेरा पायऱ्या लेम्पी आता चढणार नाही. खाली बाथरूम झालं तर जुलैअखेर घरी न्या. नाहीतर आम्हाला तिला कायमच्या वॉर्डात हलवावं लागेल, आणि तो वॉर्ड इथे नाही, सत्तर मैलांवर आहे."

आजोबांनी खिशावर हात मारला. "जुलैअखेर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते काउंटीच्या ऑफिसात गेले. आमच्याकडे लायसन्स नसलेल्यालाही स्वतःच्या घरात वायरिंग करता येतं, फक्त अर्जावर लिहून द्यावं लागतं: मी या घराचा मालक आहे, मी इथेच राहतो, काम मी स्वतः करणार. आजोबांनी तिन्ही ओळींखाली सही केली. एक्कावन्न वर्षं राहिलेला माणूस ती ओळ दोनदा वाचत नाही.

स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती, तिचं बाथरूम करायचं ठरलं. नळवाला पाइप टाकून गेला. विजेचं आजोबांचं. तारेच्या लाईनची पेन्सिलने आधी आखणी, मग भोक, मग तार. बाथरूमच्या प्लगसाठी मेन बोर्डापासून एक स्वतंत्र जाड पिवळी तार, तिच्यावर दुसरं काही नाही. दिवा आणि पंखा वेगळ्या तारेवर. भोक लाकडाच्या कडेजवळ गेलं तिथे लोखंडी पट्टी, म्हणजे उद्या कोणी चित्र टांगायला खिळा ठोकला तर तो तारेत घुसू नये. प्लग त्यांनी बेसिनच्या उजव्या अंगाला घेतला, नेहमीपेक्षा बराच खाली. दिव्याचं बटणही खाली. दोन्ही ठिकाणी ते आधी स्वतः चाकांच्या खुर्चीत बसले, डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि उजवा पुढे करून पाहिला. जिथे तो सहज पोचला तिथे पेन्सिलची खूण.

आई म्हणाली, "बाबा, भिंत तरी लावून घ्या, घरभर भुसा येतोय."

"रूडी बघेपर्यंत नाही."

"रूडी तुमचं काम बघणार? त्याला तुम्हीच शिकवलं."

"म्हणूनच नीट बघेल."

रूडी जुलैच्या मध्यावर आला. आईने कॉफी ठेवली होती, मांस-बटाटा भरलेल्या पास्ती भट्टीत होत्या. रूडी हातात टॉर्च घेऊन उघड्या भिंतीसमोर गुडघ्यावर बसला. "बघू या, बघू या." त्याने वायरच्या क्लिपांची अंतरं मापली. खोक्यांतून बाहेर आलेली तार वीतभर आहे ना ते पाहिलं. अर्थिंगच्या तारांची जोडणी ओढून पाहिली. खालून वर गेला, वरून खाली आला, मग उठून गुडघे झटकले.

"उस्ताद, एखादी तरी चूक ठेवायची होती. मी आता लिहू काय, लिहू काय?"

"दोष नाही असं लिही."

"चाळीस वर्षांत तुम्ही मला हे एकदाही म्हणाला नाहीत."

"तुझ्यात दोष होते."

दोघंही हसले. रूडीने काखेतला टॅब काढला आणि बोटाने वरखाली करायला लागला. मग त्याचं बोट थांबलं. त्याने काच बाहीने पुसली आणि पुन्हा बघितलं.

"उस्ताद," तो टॅबमध्येच बघत म्हणाला, "घर तुमच्याच नावावर ना? इथे दुसरंच नाव येतंय. पण हे यंत्र काहीही दाखवतं. गेल्या आठवड्यात एका मेलेल्या माणसाचं नाव दाखवलं. तुम्ही फक्त हो म्हणा. मी पासचा कागद चिकटवतो आणि जातो. कॉफीसुद्धा नको मला."

त्याने दोनदा काहीच म्हटलं नाही. सगळं एकदाच.

आजोबांचा हात मागच्या खिशाकडे गेला, टेस्टरवर थांबला, आणि तिथेच राहिला. भट्टीतून पास्तीचा वास येत होता. आईने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"डेलच्या नावावर आहे," आजोबा म्हणाले.

"मी काय विचारलं ते ऐकलंत ना? मी विचारलं, तुमचं ना."

"ऐकलं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या नावावर केलं. अर्जात मी चुकीचं लिहिलं. सही करताना मला सुचलंच नाही."

"रूडी," आई मध्ये पडली, "ते म्हातारे झालेत, विसरतात. घर त्यांचंच आहे."

"कार्ला, मी काही विसरत नाही."

"तेच तर आमचं दुखणं आहे," आई म्हणाली.

रूडी बेसिनच्या न बसवलेल्या नळाकडे बघत होता. त्याने हळू आवाजात नियम सांगितला. तो नियम आजोबांनीच त्याला कधीतरी शिकवला असणार. मालक, तोही त्याच घरात राहणारा. नाहीतर लायसन्सवाला. तिसरं कोणी नाही. डेल मालक, पण इथे राहत नाही. उस्ताद राहतात, पण मालक नाहीत. परवाना रद्द. "तोंडाने बोलला नसतात तर," तो म्हणाला आणि थांबला. "आता मी ऐकलं. ऐकलेलं मी नाही ऐकलं कसं लिहू?"

"लिहू नकोस," आजोबा म्हणाले. "रद्द कर."

रूडी गाडीत जाऊन बसला. खिडकीतून दिसत होतं: इंजिन बंद, दोन्ही हात चाकावर. पास्ती जळल्याचा वास आला तरी तो तिथेच होता.

आई जळलेल्या पास्ती ओट्यावर आपटत होती. "एक शब्द. एक शब्द म्हणायचा होता, बाबा. तोही आत श्वास ओढून. दिवसातून चाळीस वेळा म्हणता. पाणी हवंय का, हो. थंडी आहे का, हो. आणि आईला घरी आणायचंय, तर तुमच्या तोंडाला कुलूप."

"खोटं बोलून आणायची?"

"कशीही आणायची. तुमच्या खरेपणाचं बिल ती भरणार आहे, तुम्ही नाही."

 आजोबांनी एका पास्तीचं जळलेलं कवच सुरीने खरवडलं आणि आतलं खाल्लं.

संध्याकाळी मामाला फोन लावला, टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. मामाची नक्कल करायला नाकात थोडी सर्दी लागते आणि 'बाबा, ऐका' हे दर तिसऱ्या वाक्याला. तो ट्रॅफिकमध्ये होता, दर दोन मिनिटांनी मागे हॉर्न वाजत होता.

"बाबा, ऐका. तुम्ही माझ्या घरात विजेचं काम केलंत आणि मला विचारलंही नाहीत?"

आईने खुर्ची करकरत मागे सरकवली. मामालाही ते ऐकू आलं असावं.

"म्हणजे कागदोपत्री माझ्या," तो म्हणाला. "विम्याचा प्रश्न येतो हो. उद्या आग लागली तर कोण जबाबदार?"

"माझ्या वायरिंगने आजवर आग लागलेली नाही."

"तसं नाही म्हणत मी. बाबा, ऐका. मी कंत्राटदार बघतो. सगळं कायदेशीर होईल. खाली बाथरूम असलं की घराला किंमतही येते."

"किंमत कोणाला सांगायचीय?" आई म्हणाली. "डेल, घर परत बाबांच्या नावावर कर. एक कागद, एक सही. मग रूडी उद्या पास करेल."

"कार्ला, तू भावनेच्या भरात बोलतेस. परत नावावर केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग हे घर आईच्या बिलात जाणार. त्यासाठीच तर आपण केलं होतं ना?"

"आपण?" आई म्हणाली.

आजोबांनी फोनकडे बघत विचारलं, "कंत्राटदार कधी येईल?"

"बघतो. लवकरच."

लवकरच म्हणजे सप्टेंबरची अठरा तारीख. आमच्याकडे उन्हाळा दोन महिन्यांचा, त्यात सगळ्यांनाच सगळं करून घ्यायचं असतं, चांगला लायसन्सवाला मिळत नाही. आजोबांनी गावातल्या दोघांना स्वतः फोन केले. दोघंही म्हणाले, उस्ताद, तुमच्यासाठी जीव देऊ, पण ऑक्टोबरच्या आत नाही. एकतीस जुलैला सेंटरच्या पांढऱ्या गाडीतून आजीला सत्तर मैलांवर हलवलं. आजोबा गाडीमागून आपला पिकअप चालवत गेले, ताशी चाळीसने, आणि त्यांच्यामागे लाकडाच्या ट्रकांची रांग.

अठरा सप्टेंबरला डुलुथहून दोन माणसं आली. चांगली होती, बोलायला नम्र. थोरल्याने उघडी भिंत पाहिली आणि टोपी मागे सारली. "हे कोणी केलं?"

"मी."

"सुंदर आहे. काढावं लागेल. दुसऱ्याच्या तारांवर आम्ही आमचं लायसन्स लावू शकत नाही."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "मीही लावलं नसतं."

त्यांनी स्वतःच क्लिपा उपटायला मदत केली. निघालेली पिवळी तार गुंडाळून तळघरात ठेवली. त्या दोघांनी दीड दिवसात नवीन वायरिंग केलं, रूडी येऊन बघून गेला, मग तक्ते लागले, मग प्लग-बटणं, मग रूडी परत आला. सगळं नियमाला धरून. प्लग बेसिनपासून तीन फुटांच्या आत हवा, तो आहे. पाणी लागलं तर वीज तुटायला हवी, तुटते. फक्त प्लग डाव्या अंगाला आलाय आणि बटण उभ्या माणसाच्या खांद्याला, कारण तिथे तार न्यायला सोपं पडलं. नियमात आजीचा कुठला हात चालतो ते लिहिलेलं नाही.

आई त्या थोरल्याला सांगायला गेली, पण आजोबांनी तिचा दंड धरला. "मालकाला विचारून केलंय त्यांनी," ते म्हणाले.

रूडीने मेन बोर्डाच्या झाकणाच्या आत पासचा कागद चिकटवला. मालक: डेल ए. निस्काला. तो ए अर्वोचा आहे, पण कागदावर नुसता ए होता. रूडी निघताना म्हणाला, "उस्ताद, येतो. येतो." आजोबांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि कॉफी विचारली नाही.

मामा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी येऊन बाथरूम बघून गेला. सगळे दिवे लावले, बंद केले. फोटो काढले. मग स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "बाबा, ऐका. आईला आत्ता आणायची घाई नको. बर्फ पडेल, ॲम्ब्युलन्स अडकेल. हिवाळा निघू दे. आणि खरं सांगू, तिथे तिची काळजी चांगली घेतात." आजोबा खिडकीबाहेर बघत होते. आई उठून भांडी घासायला लागली. सिंकमध्ये दोनच कप होते.

रविवारी आम्ही तिघं आजीकडे गेलो. ती खिडकीशी खुर्चीत होती, केस कोणीतरी उलटे विंचरलेले. आजोबांनी खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. तिने त्यांच्याकडे डोळा तिरका करून पाहिलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"पास?"

"पास. पहिल्याच फेरीत."

तिचा उजवा ओठ हसला. "तू?"

आजोबांना तो शब्द समजला नाही असं त्यांनी दाखवलं, पण फार वेळ दाखवता आलं नाही. "नाही," ते म्हणाले. "डेलने करून घेतलं. डुलुथहून माणसं आणली."

आजी विचार करत होती. एकेक शब्द वरच्या फळीवरून काढल्यासारखा काढत होती.

"गुणाचा. डेल."

आई दाराबाहेर गेली. तिची पावलं कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आली. आजोबांनी आजीच्या कपातली कॉफी ढवळली, तिला साखर बंद आहे तरी ढवळली, आणि कप तिच्या उजव्या हातात दिला.

"मग," आजी म्हणाली, "नेतोस कधी? घरी."

आजोबा कपाखाली हात धरून बसले होते, सांडू नये म्हणून.

"डेलला विचारतो," ते म्हणाले.